मोटारगाडीच्या इंजिनाचा टॅकोमीटर : अचूकता, विश्वासार्हता आणि ऐतिहासिक साधन म्हणून त्याचे मूल्य

प्रास्ताविक

मोटारगाडीच्या इतिहासात इंजिनाच्या फेऱ्यांचे आकडे वारंवार भेटतात. अमुक गाडीचे इंजिन ६,५०० फेऱ्यांपर्यंत नेले, तमुक शर्यतीत चालकाने मर्यादा ओलांडली म्हणून इंजिन निकामी झाले, पुन्हा बांधून काढलेली जुनी गाडी आजही ५,००० फेऱ्यांवर सहज धावते, अशी विधाने शर्यतींच्या वृत्तांतांत, चाचणी-अहवालांत आणि गाड्यांच्या चरित्रांत जागोजागी आढळतात. (येथे फेरे म्हणजे क्रँकशाफ्टचे दर मिनिटाचे फेरे, व्यवहारात ज्याला आरपीएम म्हणतात तेच.) या विधानांचा उगम बहुधा एकाच ठिकाणी असतो, आणि ते ठिकाण म्हणजे चालकासमोरील टॅकोमीटरची तबकडी. अभ्यासक हा आकडा कागदपत्रांतील तारखेइतक्याच सहजपणे स्वीकारतो. तो दाखविणारे उपकरण कोणत्या तत्त्वावर चालत होते आणि ते चुकले तर कोणत्या दिशेने चुकत होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी दोन संज्ञा आरंभीच वेगळ्या करणे आवश्यक आहे. अचूकता म्हणजे दाखविलेल्या आकड्याची खऱ्या आकड्याशी असलेली जवळीक. विश्वासार्हता म्हणजे तीच परिस्थिती असताना पुन्हा तेच उत्तर मिळण्याची खात्री. नेहमीच ३०० फेरे जास्त दाखविणारा टॅकोमीटर अचूक नाही, परंतु तो विश्वासार्ह आहे; ज्याला त्याची खोड ठाऊक आहे त्याला तो उपयोगीही पडतो. याउलट सकाळी एक आणि दुपारी इंजिन तापल्यावर दुसरे सांगणारे उपकरण सरासरीने अचूक ठरले, तरी त्याच्या भरवशावर इंजिन चालविता येत नाही.

ही चूक किती महाग पडते ते इंजिनाच्या रचनेवरून कळते. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यावरील जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काटा ६,००० दाखवीत असताना इंजिन प्रत्यक्षात ६,३०० फेरे करीत असेल, तर फेऱ्यांतील वाढ पाच टक्के असली तरी ताणातील वाढ सव्वादहा टक्के असते. मर्यादेच्या अगदी कडेवर चालविल्या जाणाऱ्या शर्यतीच्या इंजिनाला तेवढी वाढ पुरेशी होते.

पाऱ्याचा पेला

टॅकोमीटर मोटारगाडीपेक्षा बराच जुना आहे. कागद तयार करण्याच्या यंत्रामुळे प्रसिद्ध असलेले इंग्लिश अभियंते ब्रायन डाँकिन यांना १८१० मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने सुवर्णपदक दिले, ते यंत्राच्या भ्रमणाचा वेग दाखविणाऱ्या उपकरणासाठी. उभ्या आसावर फिरणाऱ्या पेल्यात पारा भरलेला असे. पेला फिरू लागला की पारा कडेने चढे आणि मध्यभागी खोलगट होई. त्यासरशी पाऱ्यात बुडविलेल्या नळीतील रंगीत द्रव खाली उतरे. गिरणीतील यंत्राची गती कमीजास्त होते आहे काय, हे त्या द्रवाच्या उंचीवरून समजत असे.

या उपकरणातच पुढील दीडशे वर्षांच्या अडचणीचे बीज आहे. द्रवाचे उतरणे वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे मापपट्टीवरील विभाग समान अंतराचे येत नाहीत. मंद गतीला खुणा एकमेकींना चिकटलेल्या आणि वेगवान गतीला दूरदूर. जर्मन अभियंते डीट्रिख ऊलहोर्न यांनी १८१७ च्या सुमारास योजिलेल्या केंद्रोत्सारी बलाच्या टॅकोमीटरलाही हीच मर्यादा होती, कारण फिरणारी वजने बाहेर फेकली जाण्याचा नियमही वर्गाचाच आहे. स्थिर गतीने चालणाऱ्या कारखान्यातील वाफेच्या इंजिनाला याने फारसे अडत नव्हते. तेथे नेमून दिलेली गती राखणे एवढेच काम असे. मोटारगाडीचे इंजिन मात्र क्षणात ८०० फेऱ्यांवरून ५,००० वर जाते आणि परत येते. त्याला संपूर्ण पट्टीवर सारखेच स्पष्ट वाचता येणारे उपकरण हवे होते.

चुंबक, वाटी आणि उष्णता

ही गरज भागविणारे तत्त्व आधीच हाती होते. तांब्याची चकती चुंबकसूचीखाली फिरविली असता सूचीही त्या दिशेने ओढली जाते, हे फ्रान्स्वा आरागो यांनी १८२४ मध्ये दाखविले आणि मायकेल फॅरेडे यांच्या १८३१ च्या शोधाने त्याचे कारण उलगडले. फिरत्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि ते चुंबकाला ओढतात. ही ओढ वेगाच्या सरळ प्रमाणात असते. स्ट्रासबर्गचे ओटो शुल्त्से यांनी १९०२ मध्ये याच तत्त्वावरील वेगमापकाचे पेटंट घेतले. लवचिक केबलने चुंबक फिरवायचा, त्याला न टेकता त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी बसवायची, आणि वाटीला घड्याळातल्यासारख्या बारीक हेअरस्प्रिंगने आवरून धरायचे, एवढीच रचना. ओढ आणि स्प्रिंग यांचा समतोल जेथे होईल तेथे काटा स्थिरावतो. केबल चाकाऐवजी इंजिनाला जोडली की हेच उपकरण टॅकोमीटर होते.

स्वस्त, टिकाऊ आणि समान विभागांची तबकडी देणारे हे साधन अनेक दशके मोटारगाड्यांत टिकून राहिले, यात नवल नाही. परंतु त्याच्या चुका एकाच दिशेच्या नाहीत, आणि अभ्यासकाने लक्ष द्यावे असे येथेच पुष्कळ आहे. चुंबक वर्षानुवर्षे क्षीण होत जातो, तेव्हा काटा कमी दाखवितो. हेअरस्प्रिंग सैलावते, तेव्हा तोच काटा जास्त दाखवू लागतो. केबलला सढळ हाताने वंगण लावले तर ते केबलीच्या फिरण्याबरोबर वर चढून वाटी आणि चुंबक यांच्यामध्ये शिरते. मग वाटीला चुंबकाबरोबर तेलही ओढू लागते आणि आकडा पुन्हा वाढतो. म्हणजे मालकाने निष्ठेने केलेल्या देखभालीमुळेही उपकरण बिघडू शकते. वंगण सुकलेल्या वा मुरड पडलेल्या केबलने काटा थरथरतो. तेथे सरासरी बरोबर असली तरी वाचणाऱ्याला नेमका आकडा सापडत नाही.

उष्णतेची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ॲल्युमिनियमचा विद्युत्रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. त्यामुळे इंजिनाजवळचे उपकरण २५ अंशांनी तापले, तर भोवऱ्यासारखे प्रवाह दुबळे होऊन काटा नऊ टक्क्यांच्या आसपास खाली येईल. म्हणजे इंजिन तापते, चालक ते जोराने हाकतो, आणि नेमक्या त्याच वेळी धोक्याचा आकडा कमी करून सांगितला जातो. यावर उपाय म्हणून चुंबकाला निकेल आणि लोखंड यांच्या विशिष्ट मिश्रधातूचा तुकडा जोडीत. थंडीत हा तुकडा चुंबकाचे काही बल आपल्याकडे वळवून घेतो आणि उष्णतेत ते सोडून देतो, त्यामुळे दोन्ही परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना काटतात. चांगल्या आणि सामान्य टॅकोमीटरमधील फरक तबकडीच्या देखणेपणात नसून पुष्कळदा या बोटभर तुकड्यात असे. जुने उपकरण दुरुस्त करताना तो बदलला गेला किंवा गळला, तर बाहेरून काहीच दिसत नाही.

मोजणारे घड्याळ आणि साक्षीदार काटा

शर्यतीच्या गाड्यांत याहून काटेकोर उपकरणाची मागणी होती. ती क्रोनोमेट्रिक टॅकोमीटरने पुरविली. फ्रान्समधील येगर आणि ब्रिटनमधील स्मिथ्स ही घड्याळांच्या व्यवसायातून आलेली नावे या उपकरणाशी कायमची जोडली गेली आहेत. त्याच्या आत खरोखरच घड्याळाचे एस्केपमेंट असते. ते एक ठरावीक कालखंड मोजते, तेवढ्या वेळात केबलीने दात्यांची चाके किती पुढे ढकलली ते पाहते, आणि तो हिशेब काट्यावर चढवून पुढचा कालखंड सुरू करते. म्हणून हा काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो. येथे चुंबक नाही आणि वाटी नाही, त्यामुळे उष्णतेचा तो दोषही नाही. स्थिर गतीला याच्या अचूकतेशी चुंबकी टॅकोमीटरची बरोबरी होत नसे.

तथापि हे उपकरण नेहमी नुकत्याच सरलेल्या क्षणाविषयी बोलते. खालच्या गिअरमध्ये इंजिन दर सेकंदाला २,००० फेऱ्यांनी चढत आहे आणि काट्यावरील आकडा अर्ध्या सेकंदापूर्वीचा आहे असे मानले, तर काटा ६,००० वर असताना इंजिन ७,००० वर पोहोचलेले असेल. अनुभवी चालक हा उशीर गृहीत धरून गिअर बदलीत असे. सुधारणा येथे चालकाच्या डोक्यात होत होती, उपकरणात नव्हे. आणि ती कोठेही लिहिली जात नव्हती.

शर्यतीच्या टॅकोमीटरांत आणखी एक काटा असे. मुख्य काटा त्याला पुढे ढकली आणि मागे येताना तेथेच सोडून देई. गाडी परत आली की संघप्रमुख प्रथम या दुसऱ्या काट्याकडे पाही, कारण चालकाने इंजिनाला कमाल किती फेरे करायला लावले ते तो सांगत असे. इंजिन फुटले तर दोष बांधणाऱ्याचा की हाकणाऱ्याचा, याचा निवाडा या काट्यावर होई. चालकाची पुढची संधी त्यात गुंतलेली असे. हा साक्षीदार कितपत खरा होता? चुंबकी उपकरणात इंजिन एकदम उसळले की काटा स्वतःच्या जडत्वाने खऱ्या आकड्याच्या पुढे झेपावून परत येतो. साक्षीदार काटा मात्र त्या झेपेच्या टोकालाच थांबतो. अशा वेळी निर्दोष चालक दोषी ठरू शकतो. क्रोनोमेट्रिक उपकरणात याच्या नेमके उलट घडते. चुकीच्या गिअरमुळे क्षणभरच झालेला अतिवेग त्या कालखंडाच्या सरासरीत बुडून जातो आणि खरा दोषी सुटतो. एकाच नावाच्या काट्याची साक्ष उपकरणाच्या जातीनुसार विरुद्ध दिशांना झुकते. शर्यतींच्या वृत्तांतांत कमाल फेऱ्यांचा आकडा सापडतो, परंतु तो कोणत्या प्रकारच्या टॅकोमीटरवर घेतला हे लिहिलेले असतेच असे नाही. शिवाय हा काटा मागे आणण्याची कळ बहुधा चालकाच्या हाताच्या टप्प्यातच असे, हेही विसरून चालणार नाही.

ठिणग्यांची मोजदाद

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात केबल हळूहळू मागे पडू लागली. जॅग्वारच्या काही गाड्यांत कॅमशाफ्टच्या टोकाला छोटे विद्युत्जनित्र बसवून त्याची वीज तबकडीपर्यंत नेली होती. पुढे याहून सोपी युक्ती रूढ झाली. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते ती क्रँकशाफ्टच्या फेऱ्यांशी बांधलेली असते. मग ठिणग्याच का मोजू नयेत? चार सिलिंडरांच्या चार धावांच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, सहा सिलिंडरांत तीन, आठांत चार. ६,००० फेऱ्यांवर चार सिलिंडरांचे इंजिन सेकंदाला २०० ठिणग्या देते. प्रत्येक ठिणगीमागे ठरावीक मापाचा एक विद्युत्स्पंद तयार करून तो साध्या मीटरमध्ये सोडला, की मीटर त्यांची सरासरी दाखवितो.

१९६० च्या दशकातील अनेक ब्रिटिश गाड्यांत बसविलेला स्मिथ्सचा आरव्हीआय प्रकार याच पद्धतीचा होता. प्रज्वलनाच्या कॉइलकडे जाणारी तार टॅकोमीटरच्या पाठीवरील वेढ्यातून नेलेली असे आणि त्या तारेतील प्रवाह तुटला की ट्रान्झिस्टरच्या मंडलाला चेतना मिळे. मोजण्याचे तत्त्व निर्दोष होते, कारण ठिणग्यांची संख्या उष्णतेने बदलत नाही. परंतु स्पंदाचे माप ठरविणारा कपॅसिटर काळानुसार बदलतो आणि त्याबरोबर सारी तबकडी सरकते. त्याहून विलक्षण दोष कॉन्टॅक्ट पॉइंटचा आहे. अतिवेगात पॉइंट मिटताना उसळी घेऊ लागले, तर एकाच ठिणगीचे दोन स्पंद मोजले जाऊ शकतात. तेव्हा काटा अचानक वर उडतो आणि पाहणाऱ्याला वाटते की इंजिन अफाट धावले. जुन्या गाडीला मागाहून इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन जोडले, तर तारेतील प्रवाहाचे रूप पालटते आणि हा टॅकोमीटर अडखळतो किंवा मुकाच होतो. त्या काळातील अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. नंतर ते उलटवून घेणाऱ्या मालकाला टॅकोमीटरच्या आतील जोडणीही बदलावी लागते.

अमेरिकेत शिकागोच्या सन इलेक्ट्रिक कंपनीचे टॅकोमीटर हौशी शर्यतवाल्यांत विशेष लोकप्रिय होते. त्यांतील काहींना वेगळी प्रेषकपेटी असे आणि तिच्यात पाऱ्याच्या बॅटऱ्या असत. अशा बॅटरीचा सुमारे १.३५ व्होल्टचा दाब संपेपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून तिचा उपयोग मोजमापाचा आधार म्हणून केलेला होता. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने पाऱ्याच्या बॅटऱ्यांवर निर्बंध आणले. तिच्या जागी साधा १.५ व्होल्टचा सेल घातला, तर आधारच बदलतो आणि वापराबरोबर तो उतरतही जातो. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मूळचे म्हणून मिरविले जाणारे असे उपकरण मूळचा आकडा देत असेलच असे नाही. डाँकिन यांच्या पेल्यातील पारा येथे वेगळ्या रूपाने परत आला होता, हा योगायोग गमतीचा खरा.

कायद्याचे मौन

या साऱ्या चुका इतकी वर्षे खपून गेल्या, याचे एक कारण कायद्यात सापडते. स्पीडोमीटर चुकला तर रस्त्यावरील इतरांना धोका असतो, म्हणून त्याच्यावर नियम आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ व्या विनियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये. जास्त दाखवायचे तर खऱ्या वेगाच्या दशांशात ताशी ४ किलोमीटर मिळवून येणाऱ्या मर्यादेतच. भारतातही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमध्ये स्पीडोमीटरची स्वतंत्र तरतूद आहे. टॅकोमीटरच्या अचूकतेला स्पीडोमीटरसारखे कठोर बंधन नाही. तो चुकल्याने नुकसान होते ते इंजिनाचे आणि मालकाचे. खर्च वाचविण्यासाठी तो वगळलाही जात असे. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या चालकांनी टॅकोमीटरशिवायच, इंजिनाचा आवाज ऐकून, गिअर बदलत हयात काढली; आणि कानाची ही मोजणी पुष्कळांच्या बाबतीत आश्चर्यकारक रीतीने स्थिर असे.

डिझेल गाडीत ठिणगीच नसते. तेथे अनेक वर्षे अल्टरनेटरच्या एका टोकावरून स्पंद घेण्याची पद्धत होती. अल्टरनेटर पट्ट्याने फिरतो, म्हणून पट्टा घसरला किंवा कप्पी वेगळ्या व्यासाची बसविली, तर टॅकोमीटर इंजिनाऐवजी अल्टरनेटरचे खरे बोलतो.

मग जुना आकडा पडताळावा कसा? त्याचे एक साधन चाचणी-अहवालांतच आहे. ब्रिटनमधील ‘द ऑटोकार’ आणि ‘द मोटर’ ही साप्ताहिके गाडीची चाचणी घेताना खरा वेग स्वतंत्रपणे मोजीत, स्पीडोमीटरची चूक नोंदवीत आणि वरच्या गिअरमध्ये दर १,००० फेऱ्यांना गाडी किती वेगाने जाते तेही देत. क्लच घसरत नसेल, तर वेग आणि फेरे यांचे प्रमाण दात्यांच्या चाकांनी पक्के केलेले असते. समजा, १,००० फेऱ्यांना ताशी २८ किलोमीटर हे प्रमाण आहे आणि खरा वेग ताशी १६८ किलोमीटर नोंदविला आहे. तर इंजिनाने ६,००० च फेरे केले, मग चालकाने टॅकोमीटरवर ६,३०० वाचल्याचे कोणी कितीही ठामपणे लिहिलेले असो. टायर वेगात थोडा फुगतो आणि थोडा घसरतो, तेवढी सूट मात्र ठेवावी लागते. प्रत्यक्ष गाडी समोर असेल, तर कार्यशाळेत याहूनही साधी परीक्षा होते. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावरील जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. क्रँकशाफ्टच्या कप्पीवर खडूची एक खूण केली, तर १,५०० फेऱ्यांवर तिच्या चार स्थिर खुणा दिसतात आणि ३,००० वर दोन. मोठमोठी उपकरणे नसलेल्या ठिकाणीही ही कसोटी वीजपुरवठ्याच्या वारंवारतेइतकी खरी ठरते.

संख्या आणि काटा

बॉशची मोट्रॉनिक प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७३२आय या गाडीत आली. प्रज्वलन आणि इंधन यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे गेले आणि फेरे मोजणे ही तबकडीची नव्हे, तर इंजिनाचीच गरज झाली. नंतर सर्वत्र पसरलेल्या एका रचनेत क्रँकशाफ्टवरील चाकाला साठ दात्यांची जागा असते आणि त्यांतील दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. दर सहा अंशांना एक स्पंद मिळतो, गाळलेल्या जागेवरून क्रँकशाफ्टची स्थिती कळते, आणि काळ मोजतो तो क्वार्ट्झचा स्फटिक. येथे मोजणीतील चूक नगण्य असते.

तरीही तबकडीवरील काटा म्हणजे ही मोजणी नव्हे. संगणकाकडून आलेली संख्या दुसरा संगणक घेतो, तिची चढउतार गुळगुळीत करतो आणि मग काटा हलवितो. मंद गतीला इंजिन थोडे अडखळत असले, तरी काटा शांत दिसावा अशी रचना करता येते, आणि अनेक गाड्यांत ती केलेली असते. जुना काटा रचनेच्या मर्यादेमुळे चुकत होता. नवा काटा किती खरे दाखवायचे ते निर्माता ठरवितो. २०१० ते २०१२ या काळात तयार झालेल्या लेक्सस एलएफए या गाडीचे इंजिन मंद गतीवरून ९,००० फेऱ्यांपर्यंत ०.६ सेकंदात पोहोचत असे. एवढ्या त्वरेने खरा काटा फिरणार नाही, म्हणून तेथे पडद्यावर रेखाटलेला काटा योजावा लागला.

इंजिनाच्या संरक्षणाचे कामही आता तबकडीकडे उरलेले नाही. मर्यादा गाठली की संगणकच इंधन किंवा ठिणगी तोडतो. वेगात असताना चुकून खालचा गिअर पडला, तर मात्र चाकेच इंजिनाला फिरवितात आणि संगणक काहीही करू शकत नाही. अशा घटनांची नोंद तो ठेवतो. पोर्शेच्या अनेक गाड्यांत मर्यादेपलीकडील फेरे किती वेळा झाले आणि इंजिनाच्या कितव्या तासाला झाले, हे वेगवेगळ्या टप्प्यांनुसार साठविलेले असते. जुनी गाडी विकत घेणारा जाणकार तबकडीकडे पाहण्याआधी ही नोंद काढून मागतो. शर्यतीच्या गाडीतील साक्षीदार काट्याचेच हे रूप आहे. फक्त तो मागे आणण्याची कळ चालकाच्या हाताशी ठेवलेली नाही.